पंचाशी बोलेल तो फक्त कर्णधार

२०२५ च्या सप्टेंबरात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा प्रेक्षागारात ८१ हजार ८८५ माणसे होती. महिलांच्या रग्बीला एवढी गर्दी याआधी कधी जमली नव्हती. इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवले. त्याच्या तीन महिने आधी, जूनमध्ये, मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम पार पडला होता. मुंबईच्या जिमखान्यापुरता मानला जाणारा अंडाकृती चेंडूचा हा खेळ आता मोबाईलच्या वाटेने विदर्भातल्या काटोल-नरखेडकडच्या पोरांपर्यंतही पोचू शकतो. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला रग्बी समजायला फार वेळ लागत नाही. अंगाला अंग भिडते, पाय धरून पाडायचे असते, आणि पडलेला माणूस उठून पुन्हा धावत सुटतो. त्याला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. शंभर-सव्वाशे किलोचा गडी पंचाची शिट्टी वाजली की हातवारे न करता, तोंड न उघडता मागे सरकतो. मग तुलना सुरू होते आणि ती नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबते: रग्बी हा सभ्य माणसांचा खेळ आहे, आपल्या लोकांत खिलाडूवृत्तीच नाही. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो आणि घातकही वाटतो, कारण तो आपल्याला हात झटकायला मोकळे करतो. रग्बीतली शिस्त खरी आहे, पण ती तिथल्या माणसांच्या स्वभावातून उगवलेली नाही. मैदानावरच्या चार-दोन साध्या व्यवस्थांनी ती घडवली आहे, आणि त्या व्यवस्था काटोलच्या मैदानावरही आणता येतात.

त्या व्यवस्था कोणत्या, ते आधी नीट पाहू. रग्बीत पंचाशी बोलायचे ते कर्णधाराने. बाकीच्या चौदा जणांनी निर्णयावर कुरकुर केली, तर पंच दंडाची जागा दहा मीटर पुढे नेऊ शकतो. दहा मीटर म्हणजे रग्बीत थोडेथोडके अंतर नव्हे. चाळीस मीटरवरून अवघड असलेली किक तीस मीटरवर आली की तीन गुण जवळजवळ पदरात पडतात. म्हणजे एका खेळाडूच्या तोंडाळपणाची किंमत सगळा संघ तिथल्या तिथे, गुणफलकावर मोजतो. त्याला गप्प बसवायला मग पंच लागत नाही, त्याचेच सहकारी पुरतात. दुसरी गोष्ट म्हणजे पंचाच्या अंगावर ध्वनिक्षेपक असतो आणि तो निर्णय का दिला हे बोलून सांगतो. दूरचित्रवाणीवर पडद्यावरच्या पंचाशी चाललेले त्याचे संभाषण सगळ्यांना ऐकू जाते. तिसरी गोष्ट शिक्षेच्या पायऱ्यांची. पिवळे कार्ड म्हणजे दहा मिनिटे बाहेर, लाल म्हणजे त्याहून मोठी शिक्षा. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागला. आधी पिवळे कार्ड मिळाले. मैदानाबाहेर बसलेल्या अधिकाऱ्याने चित्रण पुन्हा पाहून काही मिनिटांत ते लाल केले. पुरुषांच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिला खेळाडू. न्यूझीलंडने पन्नासहून अधिक मिनिटे चौदा जणांनिशी खेळ केला आणि दक्षिण आफ्रिकेकडून ११-१२ असा एका गुणाने विश्वचषक गमावला. एवढे होऊनही पंचाभोवती घोळका जमला नाही, कुणी मैदान सोडले नाही. पाहणाऱ्याला हे संस्कारांचे फळ वाटते. मला त्यात दहा मीटरचा धाकही दिसतो आणि कारण ऐकायला मिळाल्याचे समाधानही.

संस्कारांचीच ही गोष्ट असती तर रग्बीचा इतिहास वेगळा दिसला असता. १८९५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून फुटून निघाले. भांडण होते बुडालेल्या मजुरीचे. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूला सामन्यासाठी खाडा करावा लागे. तेवढ्या खाड्याचे पैसे त्याला मिळावेत एवढीच मागणी होती, आणि पैसे घेऊन खेळणे सभ्य माणसाला शोभत नाही म्हणून ती नाकारली गेली. त्या सभ्यतेत खाण-कामगाराला जागा नव्हती. रग्बीच्या मूळ शाखेने उघडपणे व्यावसायिक होण्याला परवानगी दिली ती थेट १९९५ मध्ये. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला मिळणाऱ्या कलकत्ता चषकाचीही एक हकिकत आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी शिलकीचे चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या संघटनेकडे सोपवला. आपल्या रुपयांचा तो नक्षीदार चषक १९८८ मध्ये एडिंबरोच्या रस्त्यावर, सामन्यानंतरच्या रात्री दारूच्या अमलाखाली, दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने लाथाडून चेपवला. स्कॉटलंडच्या जॉन जेफ्रीला त्याच्या संघटनेने सहा महिने बाहेर ठेवले. इंग्लंडच्या डीन रिचर्ड्सला एका सामन्याची शिक्षा झाली.

हाच डीन रिचर्ड्स पुढे हार्लेक्विन्स क्लबचा प्रमुख झाला आणि २००९ च्या एप्रिलमध्ये त्याच्या हाताखाली रग्बीतली गाजलेली लबाडी घडली. युरोपीय स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व सामन्यात लीन्स्टर ६-५ असा पुढे होता. हार्लेक्विन्सला आपला किकर मैदानावर परत हवा होता, आणि बाहेर गेलेला खेळाडू परत आणायचा तर कुणाच्या तरी अंगातून रक्त यायला हवे होते. टॉम विल्यम्स या खेळाडूने तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल फोडली. नंतर खोटे उघडे पडू नये म्हणून खोलीत डॉक्टरकडून ओठ खरोखर कापून घेण्यापर्यंत मजल गेली. चौकशीत सगळे बाहेर आले. रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली, क्लबला जबर दंड झाला, आणि विल्यम्सची बारा महिन्यांची शिक्षा त्याने खरे सांगितल्यावर चार महिन्यांवर आली. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरॅस्मस याने एका पंचाच्या चुका मोजून दाखवणारी तासाभराची चित्रफीत केली आणि ती जगभर पसरली. त्यालाही दोन महिने खेळातून पूर्ण दूर राहावे लागले, शिवाय सामन्याच्या दिवशीच्या कामांवर आणखी मोठी बंदी आली. आणि २०२३ च्या त्याच अंतिम सामन्याचे पंच वेन बार्न्स सामन्यानंतर काही दिवसांतच निवृत्त झाले. त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल ते उघडपणे बोलले आहेत. त्या सामन्यात पडद्यावरचे पंच असलेले टॉम फोली यांनीही धमक्या-शिवीगाळीला कंटाळून आंतरराष्ट्रीय पंचगिरी सोडली. हे नीट लक्षात घ्यायला हवे. मैदानाच्या आत, जिथे दहा मीटरचा नियम चालतो, तिथे पंच सुरक्षित होता. मैदानाबाहेर, जिथे कसलाच नियम चालत नाही, तिथे याच सभ्य खेळाच्या चाहत्यांनी त्याच्या घरच्यांना सोडले नाही. माणसे तीच होती.

दोन खेळांची तुलना करणाऱ्यांनी न्यूझीलंडच्या ब्रायन मॅकेक्नी या खेळाडूकडे पाहावे. तो देशाकडून रग्बीही खेळला आणि क्रिकेटही. ११ नोव्हेंबर १९७८ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध न्यूझीलंड हरत होते. शेवटच्या मिनिटांत चेंडू बाजूरेषेवरून आत टाकला गेला आणि अँडी हेडनने कुणी ढकलल्याचे सोंग करत स्वतःला रांगेबाहेर झोकून दिले. हे आधी ठरवलेले होते, असे हेडनने पुढे स्वतः कबूल केले. पंचाने दंडाची किक दिली. आपण ती दुसऱ्या खेळाडूच्या चुकीबद्दल दिली, हेडनच्या उडीबद्दल नव्हे, असे पंचाचे म्हणणे होते. मॅकेक्नीने किक साधली आणि न्यूझीलंड १३-१२ असे जिंकले. सव्वादोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९८१ रोजी, हाच मॅकेक्नी मेलबर्नच्या मैदानावर बॅट घेऊन उभा होता. शेवटचा चेंडू उरला होता आणि बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. त्या स्पर्धेच्या नियमांत तसे टाकायला बंदी नव्हती. मॅकेक्नीने चेंडू अडवला आणि संतापाने बॅट भिरकावली. एकाच माणसाला रग्बीतल्या लबाडीचा लाभ मिळाला आणि क्रिकेटमधल्या लबाडीचा फटका बसला. खेळावरून माणसांची प्रत ठरवणाऱ्याने या दोन सामन्यांचा मेळ कसा घालायचा? मला त्यात दोन वेगळे रोग दिसतात. कार्डिफमध्ये नियम चोरून मोडला गेला. मेलबर्नमध्ये नियम उघड उघड वापरून खेळाचा गळा घोटला गेला. पहिल्यावर उपाय म्हणजे नीट पाहणारा डोळा, दुसऱ्यावर उपाय म्हणजे नियमाची दुरुस्ती. सरपटी चेंडूवर लवकरच बंदी आली आणि तो विषय कायमचा संपला. उपदेशाने तो संपला नसता, कारण चॅपेलला खिलाडूवृत्ती म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

सरपटी चेंडूच्या त्या सामन्यानंतर दहाच दिवसांत, त्याच मेलबर्नच्या मैदानावर, आपला सुनील गावस्कर पायचीत दिला गेला. चेंडू बॅटला लागून पॅडवर आला अशी गावस्करची खात्री होती. गोलंदाज लिलीने काही शब्द काढले आणि गावस्करने सोबतच्या चेतन चौहानला घेऊन मैदान सोडायला सुरुवात केली. सीमारेषेवर भारतीय संघाच्या व्यवस्थापकांनी चौहानला थांबवले म्हणून सामना वाचला, आणि भारताने तो जिंकलाही. गावस्करने पुढे त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला आहे. संयम आणि तंत्र यांसाठी ज्याचे नाव घराघरांत घेतले जाते, तो माणूस त्या दिवशी इतका का तापला? कारण त्याला विचारायची सोय नव्हती. आज तोच फलंदाज दोन्ही हातांनी खूण करील, तिसरा पंच पडद्यावर पाहील, दोन मिनिटांत निकाल लागेल, आणि बॅटला चेंडू लागला नसेल तर फलंदाज खाली मान घालून परतेल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कसोटी क्रिकेटमध्ये पंचाशी होणारी हुज्जत कमी झाली, ती खेळाडू अधिक सज्जन निपजले म्हणून नव्हे. दाद मागायचा रस्ता मिळाला की माणूस आरडाओरडा सोडतो.

यावर एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. नियमाने फार तर गैरवर्तन थांबेल, मनाचा मोठेपणा नियमातून कसा येईल? १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ होती. बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले गेले होते, पण चेंडू बॅटला लागला नव्हता असे वाटल्याने भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथमने सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथच्या त्या निर्णयापुढे मीही मान लववतो. महाराष्ट्राच्या मातीवर घडलेला तो प्रसंग प्रत्येक शाळेतल्या मुलांना सांगावा असाच आहे. परंतु हा मोठेपणा विश्वनाथचा होता. तो दुसऱ्याकडून मागता येत नाही. मागायला लागलो की त्याचे हत्यार होते. २०२३ च्या जुलैमध्ये लॉर्ड्सवर जॉनी बेअरस्टो चेंडू मागे जाऊ दिल्यावर क्रीज सोडून निघाला आणि ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स केरीने त्याला नियमानुसार यष्टिचीत केले. खेळाच्या भावनेच्या नावाने इतका गहजब झाला की, ज्या क्लबाकडे क्रिकेटचे नियम सांभाळण्याचे काम आहे, त्याच एमसीसीच्या सभासदांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना खुद्द लाँग रूममध्ये अपशब्द ऐकवले आणि क्लबाला तिघांचे सभासदत्व स्थगित करावे लागले.

गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधी पुढे सरकलेल्या फलंदाजाला धावबाद करण्याचेही हेच. विनू मंकड यांनी १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला बिल ब्राउनला असे बाद केले आणि पाऊणशे वर्षे त्या प्रकाराला त्यांचे नाव चिकटवले गेले, जणू दोष मंकड यांचा होता, धावेची चोरी करणाऱ्याचा नव्हता. डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली होती आणि गावस्करने हा शब्दच वापरू नये असा आग्रह सातत्याने धरला आहे. २०२२ मध्ये नियमावलीत हा भाग अयोग्य खेळाच्या प्रकरणातून काढून धावबादच्या प्रकरणात नेला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला याच पद्धतीने बाद केले तेव्हाही नीतीचे पाठ तिलाच दिले गेले. नियमात नसलेली सभ्यता अशी बलवानाच्या सोयीने वापरली जाते, आणि तिचे ओझे नेहमी समोरच्याने वाहायचे असते. विश्वनाथसारखा माणूस दशकातून एकदा भेटतो. उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी नियम लागतो.

आता आपल्याकडे वळू. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीचा भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत होता. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला, कुणालाही स्पर्श न होता बाजूच्या लॉबीत गेला आणि त्याला रोखायला इराणचे गडीही त्याच्यामागे लॉबीत उतरले. गुण कुणाला, हा प्रश्न उभा राहिला. एका नियमाप्रमाणे एक उत्तर, बदललेल्या नियमाप्रमाणे दुसरे. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना तासभर रखडला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदार त्या संघात होता. सुवर्णपदकाचा आनंद आपल्याला झाला, तो रास्तच आहे. तरीही त्या तासाची लाज वाटायला हवी, आणि ती खेळाडूंची नव्हे. आशिया खंडाच्या अंतिम सामन्यात कोणता नियम लागू आहे हेच जर अधिकाऱ्यांना एकमुखाने सांगता येत नसेल, तर मॅटवरच्या चौदा जणांकडून कोणत्या खिलाडूवृत्तीची अपेक्षा करायची?

दुसरा प्रसंग घरातला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवले गेले. पाठ टेकलीच नव्हती, चित्रण पाहा, असे माजी महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षेचे म्हणणे होते. वाद वाढला आणि त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडनेही पंचाच्या निर्णयावर रागावून आखाडा सोडला. दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याला कोणतीही सबब नाही, हे मी कसलाही आडपडदा न ठेवता लिहितो. त्याचबरोबर विचारतो: लढतीआधी दोन्ही पैलवानांना बसवून दाद कशी मागायची, चित्रण कोण पाहणार, किती वेळात उत्तर मिळणार, हे सांगितले गेले असते, आणि निर्णय देताना पंचाने ध्वनिक्षेपकावर दोन वाक्यांत कारण सांगितले असते, तर हजारो प्रेक्षकांसमोर ती वेळ आली असती का? शिक्षा नंतर झाली, तीही जबर झाली. पण त्या क्षणी आखाड्यात काहीच नव्हते, ना धाक ना दाद.

काटोलमध्ये बसून हे लिहिण्याचे कारण सांगतो. विदर्भातल्या तालुक्यांत कबड्डी हा हौशीचा खेळ राहिलेला नाही. वजनगटाच्या आणि खुल्या गटाच्या स्पर्धांना रोख बक्षिसे असतात, गावोगावचे संघ येतात, रात्री उजेडात सामने चालतात. शेजारच्या अमरावतीतले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेले होते, इतकी या भागाची परंपरा जुनी आहे. आणि तरीही तालुक्याच्या स्पर्धेत भांडण लागते ते जवळजवळ ठरलेल्या जागी: चढाईत बोटाचा स्पर्श झाला की नाही, बोनसची रेषा ओलांडताना मागचा पाय उचललेला होता का, दम सुटला का. सरपंच, म्हणजे मुख्य पंच, एक सांगतो, बाजूचा पंच दुसरे, दोन्ही संघांचे वीस जण आणि दोन्ही गावांचे दोनशे जण मैदानात उतरतात. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरून खिलाडूवृत्ती दाखवा म्हणून विनवण्या केल्या जातात. विनवणीने घोळका पांगत नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि अगदी खरे म्हणेल, की आपल्या पोरांची गोष्ट वेगळी आहे. संत्र्याच्या भावावर घर चालणाऱ्या मुलाला एका स्पर्धेच्या निकालातून पुढच्या निवडीचे दार उघडते. निवडीतून प्रमाणपत्र मिळते, प्रमाणपत्रातून दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणाची आशा. त्याने एका गुणासाठी जीव टाकला तर त्याला दोष कसा द्यायचा? मी देत नाही. ज्यांच्या पोटाला चिमटा बसत नव्हता त्यांनीच हडर्सफील्डच्या खाण-कामगारांना सभ्यता शिकवली होती, आणि ती चूक मला करायची नाही. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने जातो. एका गुणावर नोकरी अवलंबून असेल, तर त्या गुणाचा निर्णय कसा झाला हे कळण्याचा हक्क त्या मुलाला लंडनच्या खेळाडूहून अधिक आहे. घोळक्याने निर्णय फिरवला जातो तेव्हा फायदा होतो मोठ्या गावाचा, पुढाऱ्याच्या वरदहस्ताखालच्या मंडळाचा. लहान खेड्यातून सात पोरे घेऊन आलेल्या संघाकडे घोळकाच नसतो. नियम त्याच्यासाठी आहे.

साधनांचा आक्षेपही तपासून पाहावा. आपल्याकडे कॅमेरे नाहीत, पडदे नाहीत, प्रो कबड्डीसारखी फेरतपासणी कुठून आणायची? पण रग्बीतल्या ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडला आहे, तिला कॅमेरा लागत नाही. फक्त कर्णधार बोलेल, हे सांगायला खर्च येत नाही. फुटबॉलने हे ओळखले. २०२४ च्या युरो स्पर्धेत युरोपीय संघटनेने पंचाकडे फक्त कर्णधाराने जावे हा दंडक लागू केला, आणि खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने तो पुढे सगळ्या स्पर्धांसाठी खुला केला. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात तर पंचांनी चित्रण पाहून दिलेला निर्णय मैदानभर बोलून सांगितला. ज्या खेळात पंचाला घेरणे हा रोजचा प्रकार होता, तो खेळ रग्बीकडून उसने घेतो आहे. कबड्डीच्या नियमांत हिरवे, पिवळे, लाल अशी तिन्ही कार्डे आहेत आणि पिवळ्याला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून गैरवर्तनाला पाच धावांच्या दंडापासून मैदानाबाहेर काढण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत, त्या टेनिस बॉलच्या स्पर्धेलाही लावता येतील. हत्यारे पुस्तकात पडून आहेत. ती वापरणाऱ्या पंचाच्या पाठीशी आयोजक उभे राहत नाहीत, कारण बक्षीस देणारा पाहुणा कुठल्या तरी एका गावचा असतो.

म्हणून काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझे सांगणे आहे. येत्या हंगामात पहिल्या सामन्याआधी सगळे कर्णधार मध्यरेषेवर बोलवा आणि प्रेक्षकांच्या देखत ध्वनिक्षेपकावरून नियम वाचून दाखवा. पंचाशी कर्णधारच बोलेल. दुसरा कुणी बोलला तर समोरच्या संघाला एक गुण मिळेल, आणि स्पर्धेचा हा नियम प्रवेशपत्रिकेवर आधीच छापलेला असेल. सरपंच प्रत्येक वादग्रस्त निर्णयाचे कारण एका वाक्यात मोठ्याने सांगेल. संघाला सामन्यात एकदा दाद मागता येईल, ती ऐकायला दोन्ही गावांबाहेरचा एक जाणकार बसवलेला असेल आणि त्याचा शब्द शेवटचा असेल. प्रेक्षक मैदानात उतरले तर ज्या गावाचे उतरले त्या संघाचा सामना गेला. आणि पहिल्याच रात्री हा नियम मोडणारा संघ यजमान गावाचा निघाला, तरी गुण कापा.